पाणी सुटेपर्यंत

अंथुर्ण्याच्या शिवेवरच्या लहानशा चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा दिवस ठरायचा तो पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला विचारून. चर्चला लागून ऊस, उसाला लागून कालवा, आणि कालव्याला पाणी यायचं पाळीनं. उन्हाळ्याची पाळी कधी अलीकडे यायची, कधी पलीकडे. पाणी सुटलं की पाटकरी सायकल चर्चच्या भिंतीला टेकवून आत डोकवायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, पोरं बुडवायची असतील तर ह्याच आठवड्यात बुडवा. पुढं पाणी न्हाय." मग त्या आठवड्यातला कुठलाही वार चालायचा. मंडळी कामाला दांडी मारून कालव्यावर जमायची.

शांतवन गुरुजींचा स्वतःचा बाप्तिस्मा एका बुधवारी झाला होता. त्यांना तो वार पक्का आठवत होता, कारण त्या दिवशी शाळेत गणिताची परीक्षा होती आणि ती बुडाली याचा त्यांना देवाघरचं वतन मिळाल्याइतका आनंद झाला होता. चौदा वर्षांचं पोर. मामाचा पांढरा सदरा अंगात, गुडघ्यापर्यंत लोंबणारा. पलीकडच्या गुऱ्हाळावर गूळ शिजत होता, त्याचा वास पाण्यावरून येत होता. थोरले पाळक पांढऱ्या झग्यात कमरेइतक्या पाण्यात उभे. त्यांनी एका हातानं शांतवनच्या नाकाला रुमाल लावला, दुसरा हात पाठीला दिला, आणि त्याला उताणा पाण्यात घातला.

नेमकी तेव्हाच पलीकडच्या काठावर आरोळी उठली.

"आरंऽ, पोराला बुडिवलं! धावा!"

तिकडच्या मोकळ्या रानात मालकानं खतासाठी मेंढरं बसवली होती. मेंढरांमागे आठ-नऊ वर्षांची एक पोर काठी घेऊन उभी होती. एक झगेवाला माणूस पोराला धरून पाण्यात दाबतोय, आणि काठावरचे लोक सोडवायचं सोडून गाणं म्हणतायत, हे बघून तिच्या काळजाचं पाणी झालं. तिनं काही न विचारता कुत्रं सोडलं. कुत्र्याचं नाव पैलवान. पैलवान सरळ पाण्यात शिरला, पोहत आला आणि त्यानं पाळकांच्या झग्याचा घोळ धरला. शांतवन पाण्यातून वर आला तेव्हा त्याला ना स्वर्ग दिसला ना पांढरं कबूतर. दिसलं ते झगा ओढणारं काळं कुत्रं आणि पलीकडं रडणारी एक पोरगी.

तिचा बाप सावळाराम धावत आला आणि हात जोडून उभा राहिला. थोरले पाळक खळखळून हसले. "असू द्या पाटील," ते म्हणाले, "आज कुत्र्याचाही बाप्तिस्मा झाला."

ती पोर म्हणजे बनाबाई. पुढं तेरा-चौदा वर्षांनी तीच गुरुजींची बायको झाली.

हे लग्न सोपं नव्हतं. सावळारामांनी मेंढरं विकून सांगवीला जमीन घेतली होती, आणि तिथल्या शाळेत शांतवन लोंढे नावाचा तरुण मास्तर रुजू झाला होता. संध्याकाळी तो सावळारामांच्या ओट्यावर बसून आजूबाजूच्या पोरांना पाढे शिकवायचा. बना चहा आणायची. बाकीचं कुणाला सांगायची गरज पडली नाही. भावकीनं तोंड फिरवलं. सावळारामांनी मात्र महिनाभर विचार केला आणि एक दिवस मास्तरला बांधावर नेऊन म्हणाले, "पोरगी देतो. पर एक सबूद द्या. तिला कधी पाण्यात उतर म्हणायचं न्हाय. तिच्या मनानं आलं तर तिची मर्जी. तुमच्या तोंडातनं ते यायचं न्हाय. इशाऱ्यानंबी न्हाय."

गुरुजींनी शब्द दिला आणि पाळला.

बनाबाई लग्नानंतर दर रविवारी चर्चला आल्या. पेटीच्या सुरात सूर मिसळून गीतं म्हणाल्या. नाताळात त्यांच्या हातच्या करंज्या साऱ्या मंडळीत वाटल्या गेल्या. चंपाषष्ठीला भावाकडं जाऊन वांग्याच्या भरीत-रोडग्याचं जेवणही जेवून आल्या. दोन्ही मुलांचे बाप्तिस्मे त्यांनी काठावर उभं राहून बघितले, ओल्या लेकरांची डोकी पदरानं पुसली. स्वतः कधी पाण्यात उतरल्या नाहीत. गुरुजींनी कधी विचारलं नाही. किती तरी वेळा ते विचारणं ओठांवर आलं, आणि त्यांनी ते गिळलं. अशी चाळीसच्या वर वर्षं गेली. शाळा सुटली, केस पिकले, मुलं पुण्याला लागली. गुरुजींच्या मनात ती एकच इच्छा तशीच राहिली, ट्रंकेत तळाशी जपून ठेवलेल्या लग्नातल्या शेल्यासारखी.

यंदा हिवाळ्यात मंडळीतल्या एक आजी वारल्या. त्यांचे मालक बाप्तिस्मा न घेताच आधी गेले होते. त्यांना गावच्या वहिवाटीनं ओढ्याकाठी अग्नी दिला होता. आजींना चर्चमागच्या कबरस्तानात मूठमाती मिळाली. मातीवरून परतताना बनाबाईंनी ओढ्याच्या दिशेनं बघितलं. मग एवढंच म्हणाल्या, "एक हिकडं, एक तिकडं. बोलायचं तरी कसं त्यांनी?"

आणि त्याच्या पुढच्या रविवारी त्या बाप्तिस्म्याच्या वर्गात येऊन बसल्या.

हा वर्ग गुरुजी निवृत्तीच्या आधीपासून घेत होते. उपासना संपली की चर्चमागच्या खोलीत, शाळेनं काढून टाकलेल्या दोन बाकांवर. यंदा चार पोरं होती. त्यातली छकुली सगळ्यात पुढं. हजेरीतलं तिचं नाव राजलक्ष्मी, पण ते फक्त हजेरीतच. तोंड असं की पाळकही जपून बोलायचे. तिच्या शेजारी लखन, ज्याला पुस्तकातल्यापेक्षा उसातलं जास्त कळायचं. आणखी दोघी बहिणी होत्या, त्या फक्त हसायच्या.

मागच्या बाकावर बनाबाई बसल्या तेव्हा छकुली वळून म्हणाली, "आजी, तुम्ही पण? तुमचा तर घरीच क्लास असंल की."

"घरी त्यांचं त्वांड बंद असतंय," बनाबाई म्हणाल्या. "तवा हितं आले."

पोरं हसली. गुरुजींना हसू आलं नाही. त्यांनी खडू शोधायचं निमित्त करून पाठ वळवली.  इतक्या वर्षांनी दार किलकिलं झालं होतं, आणि पाठोपाठ तो ओढा आणि ते कबरस्तान आठवत होतं. ही माझ्यासाठी आली आहे का? माझ्या शेजारच्या जागेसाठी? विचारायची सोय नव्हती. विचारणं म्हणजे इशारा, आणि इशाऱ्यानंसुद्धा नाही असा शब्द होता. ज्याला शब्द दिला तो म्हातारा कधीच गेला होता, म्हणून तर तो शब्द मोडता येत नव्हता.

तीन-चार रविवार असेच गेले. बनाबाई यायच्या, ऐकायच्या, जायच्या. घरी त्यावर एक अक्षर नाही. मग आला तो नव्या जन्माचा धडा.

"गुरुजी, एक विचारू? रागवायचं नाही," छकुलीनं सुरुवात केली.

"विचार."

"आमच्या पप्पांचा बाप्तिस्मा झालाय ना?"

"झालाय. माझ्याच वर्गात होता तो. ह्याच बाकावर."

"मग ते नव्यानं जन्मले म्हणता, तर मम्मीवर अजून तसंच कसे ओरडतात?"

दोघी बहिणी तोंडावर हात धरून हसल्या. गुरुजींना घाई नव्हती. पोराच्या प्रश्नाला झटकन उत्तर देणारा मास्तर पोराला गप्प करतो, असं त्यांचं मत होतं. ते दाराशी गेले. बाहेर चर्चचे शेजारी सर्जेराव यांच्या रानात उसाची लागण चालू होती, बांधावर बेण्याच्या कांड्यांचा ढीग होता. त्यातली एक कांडी उचलून त्यांनी टेबलावर ठेवली.

"ही अशीच ठेवली तर काय होईल, लखन?"

"वाळंल."

"आणि सरीत पुरून पाणी दिलं तर?"

"डोळा फुटंल. कोंब येईल."

"आणि कांडीचं?"

लखन जरा थांबला. "कांडी कुजती गुरुजी. मातीत जाती."

"बाप्तिस्मा हा असा आहे," गुरुजी म्हणाले. "येशू मेला, त्याला पुरलं, आणि तो उठला. आपण पाण्यात खाली जातो ते त्याच्याबरोबर पुरले जातो. आपला हट्ट, आपलं मीपण, आपली जुनी पापं, सगळं तिथं खाली सोडायचं. वर येतो ते त्याच्याबरोबर उठतो. पाण्यात जादू नाही. पाणी कालव्याचंच, गढूळ. पण आपण आपल्याला त्याच्या हातात सोडतो, आणि तो आत नवा कोंब फोडतो. आता कोंब दिसला म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन जातं का ऊस तोडायला? वाढायला वेळ लागतो. तण येतं. छकुले, तुझ्या पप्पांचा कोंब अजून लहान आहे. त्याला पाणी दे. म्हणजे प्रार्थना कर."

"लय पाणी लागंल," छकुली म्हणाली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "आन् खोडवा?"

सगळ्यांनी वळून बघितलं.

"खोडवा वो," बनाबाई म्हणाल्या. "ऊस तोडून नेल्याव जमिनीत बुडखा राहतो, त्यातनं पुन्हा फुटतो त्यो. त्याला कुणी नव्यानं पुरत न्हाय. मूळ जुनंच, ऊस नवा. ही पोरं कवळी हायती, ह्यांची लागण करा. माझ्यासारखीचं काय करणार? जुनं मूळ उपटून टाकणार, का खोडवा राखणार?"

 गुरुजी म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगतो." मास्तरकीच्या साऱ्या वर्षांत हीच एक युक्ती त्यांना न चुकता उपयोगी पडली होती.

वर्ग सुटायच्या बेतात छकुली पिशवी भरता भरता सहज बोलून गेली, "मी तर मम्मी म्हणते म्हणून घेतेय बाप्तिस्मा. मम्मी म्हणाली, मी खूश होईन. म्हटलं होऊ दे खूश."

गुरुजी थबकले. उत्तर त्यांना ठाऊक होतं. दरवर्षी कुठलं ना कुठलं पोर हे बोलायचं आणि दरवर्षी गुरुजी तेच उत्तर द्यायचे. पण यंदा मागच्या बाकावर बना बसली होती. उत्तर दिलं तर ते छकुलीवरून जाऊन तिच्या काळजाला लागणार होतं. नाही दिलं तर? नाही दिलं तर सगळं आपसूक होणार होतं. पाणी सुटल्यावर ती त्यात उतरली असती. पुढं कधीतरी दोन कबरी शेजारी शेजारी झाल्या असत्या. इतक्या वर्षांची इच्छा पुरी व्हायला फक्त गप्प बसायचं होतं.

छकुली तोंड वर करून बघत होती. पोरांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलणं गुरुजींना कधी जमलं नव्हतं.

"बाळ," ते म्हणाले, "दुसऱ्याला खूश करायला घेतलेला बाप्तिस्मा म्हणजे नुसती अंघोळ. कपडे ओले होतात, बस. एकाच्या वाट्याचं दुसऱ्याला जन्मता येत नाही. आईसाठी घ्यायचा असेल तर थांब. एक वर्ष थांब, दहा वर्षं थांब. देवाला घाई नाही. तुला स्वतःला तो हवा झाला की ये."

 मग मागचा बाक करकरला. बनाबाई उठल्या, त्यांनी पदर सारखा केला, आणि दार हळूच लोटून त्या निघून गेल्या.

घरी गेल्यावर ताटात भाकरी होती, वांग्याची भाजी होती, लोणचंही होतं. बोलणं नव्हतं. सकाळी बनाबाईंनी पिशवी भरली.

"सांगवीला जाऊन येते. दादाकडं."

"बरं," गुरुजी म्हणाले. पिशवी घेऊन ते फाट्यापर्यंत गेले. बारामतीची एसटी आली. बनाबाई पायरीवर चढल्या, वळल्या, म्हणाल्या, "गोळ्या येळंवर घ्या." एसटी गेली. गुरुजी तिथंच उभे राहिले, धूळ बसेपर्यंत.

पुढच्या रविवारी मागचा बाक रिकामा होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. छकुली मात्र येत होती आणि नेहमीपेक्षा गप्प होती. एकदा तिनं विचारलं, "गुरुजी, आजी माझ्यामुळं गेल्या का?"

"नाही बाळ. माझ्यामुळं."

"मग बोलवा की फोन करून."

"बोलवलं असतं," गुरुजी म्हणाले, "पण मग ती माझ्यासाठी आली असती."

चर्चला यंदा नवे पाळक आले होते, अनुग्रह साळवे. तरुण, उत्साही, पुण्यात शिकलेले. त्यांनी परस्पर ठरवून टाकलं की बाप्तिस्मे पुनरुत्थानाच्या रविवारीच, म्हणजे ईस्टरलाच, व्हायचे. फलक छापला. बारामती-इंदापूरच्या पाहुण्यांना निरोप गेले. पुलावाची डेग सांगितली. एकच राहिलं. पाटकऱ्याला कुणी विचारलं नाही.

ईस्टरच्या सकाळी सगळी मंडळी गीत म्हणत कालव्यावर पोचली, आणि गीत मधल्या कडव्यातच थांबलं. कालवा कोरडा ठाक होता. तळाचा चिखल भेगाळला होता, शेळ्या चरत होत्या. एका खड्ड्यात हिरवं पाणी होतं आणि त्यात कुणाची तरी म्हैस निवांत बसली होती.

"पाणी कुठंय?" अनुग्रह पाळकांनी विचारलं.

"पाळी फुडं गेलीय की," पुलावर बसलेला पाटकरी म्हणाला. आता त्याच्याकडं मोटरसायकल होती. "मला इचारायचं व्हतं. थोरले पाळक इचारायचे."

मग एकेक सुचवण्या निघाल्या. कुणी म्हणालं टाकी आणू. सर्जेराव म्हणाले, "ट्रॉलीत ताडपत्री अंथरतो, टँकरनं पाणी वततो, झकास हौद हुईल. ट्रॉली धुतलीया कालच." अनुग्रह पाळक घामाघूम होऊन त्यालाही तयार झाले होते. पण छकुली पांढऱ्या फ्रॉकात पुढं आली आणि म्हणाली, "मी ट्रॉलीत बसून देवाकडं जाणार नाही. ऊस आहे का मी?"

हशा पिकला आणि त्या हशात पाळकांचा ताणही निघून गेला. "गुरुजी, तुम्ही सांगा," ते म्हणाले.

गुरुजी कोरड्या कालव्याकडं बघत होते. पलीकडच्या काठावर आता मेंढरं नव्हती, ऊस होता. "थांबू या," ते म्हणाले. "पाणी सुटेपर्यंत. पूर्वी थांबायचो." आणि मनाशी कबूल केलं की त्यांना पाण्याशिवाय आणखी कशाची तरी वाट बघायची आहे.

पुलाव चर्चच्या अंगणात खाल्ला गेला. म्हैस तिथंच बसून राहिली.

पाणी आलं ते आठवड्यातल्या एका आडवारी, कोवळ्या उन्हात. लखनचा फोन आला, "गुरुजी, वरच्या पुलाखाली आलंय! चला!" गुरुजी चपला पायांत अडकवून निघाले. कालव्याच्या भरावावर चारी पोरं आधीच पळत होती. कोरड्या तळातून पाण्याचं तोंड पुढं सरकत येत होतं. पुढं पाचोळा, फेस, काटक्या, चपलेचा एक जोड, आणि त्यामागं तांबूस गढूळ पाणी, भेगा पीत, सावकाश. पोरं त्याच्याबरोबर चालत, मग पळत, "आलं, आलं" म्हणून ओरडत. गुरुजीही असेच पळाले होते. त्यांचे सोबती होते, कुणी आता हयात नव्हतं. पण पाणी तसंच येत होतं, तोच ओल्या मातीचा वास घेऊन, आणि क्षणभर त्यांना वाटलं, गुऱ्हाळाचाही वास आला.

दुपारपर्यंत पाणी कमरेइतकं चढलं, जरा निवळलं. फलक नव्हता, पाहुणे नव्हते. जी मंडळी हाताशी होती ती आली, कुणी खुरपं हातात घेऊनच. अनुग्रह पाळकांनी चर्चच्या कपाटातला थोरल्या पाळकांचा झगा घातला होता. त्याच्या घोळाला ठिगळ होतं. ते कशाचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि तेव्हा पुलावर मोटरसायकल थांबली. चालवत होते मानसिंग, बनाबाईंचे थोरले भाऊ, डोक्याला मुंडासं, खांद्यावर काळी घोंगडी. मागं बनाबाई, पांढऱ्या लुगड्यात. पाणी सुटल्याचं सांगवीला आधीच कळलं होतं.

 बनाबाई भराव उतरून खाली आल्या आणि गुरुजींसमोर उभ्या राहिल्या. साऱ्या मंडळीदेखत.

"तुमी त्या दिशी खरं बोलला," त्या म्हणाल्या. "मी कबरंसाठीच बसले व्हते वर्गात. तुमच्या शेजारी जागा पायजे म्हणून. म्हणून उठून गेले. लाज वाटली."

"अगं, मला तसं..."

"ऐका. वर्गात मी कधी मधी बोलले का तुमच्या?"

"बोललात की, खोडवा म्हणालात," छकुली म्हणाली.

"तू गप गं." बनाबाईंना हसू आलं, मग गेलं. "दादाकडं रोज पहाटं धार काढाय उठायची. एकटीच गोठ्यात. इतकी वर्सं मी गीतं म्हटली, पर तुमच्या सुरात. प्रार्थना केली, पर तुमच्या मागं. तुमी आमेन म्हटलं की मी म्हणायची. तितं कुणी नव्हतं. एक दिस धार काढता काढता मी आपली बोलाय लागले देवाशी. माझ्या शब्दात. आई मेली तवा मी तिच्याशी भांडून आले व्हते, ते सांगितलं. ते कधी तुमालाबी सांगितलं न्हाय. लय रडले. म्हस बघत व्हती. मग मी मलाच इचारलं, कबर न्हाय गावली शेजारी, तरी घ्यायचा का? समजा गुरुजी न्हाईत, चर्च न्हाय, कुणीच बघाय न्हाय, तरी?" त्या थांबल्या. "आतनं व्हय आलं."

 गुरुजींनी फक्त मान हलवली.

अनुग्रह पाळकांनी पाण्यात उभं राहून रीतीप्रमाणे विचारलं, "बनाबाई, हा निर्णय तुम्ही स्वतःच्या मनानं घेता? कुणाच्या सांगण्यावरून नाही?"

"सांगण्यावरून?" बनाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं ह्यो माणूस गप बसलाय. आमच्या आप्पांना सबूद दिला व्हता, मला म्हायती हाय. आप्पांनी मरताना सांगितलं मला. पाण्यातनं निघालेलं माणूस कसं असतंय ते मी ह्या गप बसण्यात बघितलंय." मग आभाळाकडं बघून त्यांनी सांगितलं, "व्हय. माझ्या मनानं."

आधी पोरं उतरली. छकुली सगळ्यात शेवटी, काठावर बराच वेळ विचार करून. "मम्मीसाठी नाही," तिनं गुरुजींना बजावून सांगितलं आणि नाक धरलं. मग बनाबाई उतरल्या. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, लुगड्याचा सोगा फुलून वर आला. पाळकांनी रुमाल पुढं केला. गुरुजींनी डोळे मिटले नाहीत. त्यांना सगळं बघायचं होतं.

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं."

पाणी मिटलं. क्षणभर वर कुणीच नव्हतं, फक्त तांबूस पाणी वाहत होतं. पलीकडं कुणी आरोळी ठोकायला नव्हतं, आणि गुरुजींनाच ती ठोकावीशी वाटली. मग त्या वर आल्या, केस मोकळे, तोंड उघडं, श्वास ओढत, जन्मलेलं लेकरू ओढतं तसा.

मंडळीनं गीत सुरू केलं. काठावर मानसिंग सगळ्यांच्या पुढं उभे होते. त्यांचा ह्यातल्या कशावर विश्वास नव्हता, त्यांचा देव जेजुरीच्या डोंगरावर होता आणि तिथंच राहणार होता. पण त्यांनी खांद्यावरची घोंगडी उलगडली आणि दोन्ही हातांनी पसरून धरली.

"नव्यानं जन्मलीस म्हणत्यात ना?" ते म्हणाले. "आपल्यात जन्मलेलं लेकरू घोंगडीत घेत्यात. आईनं तुला घेतलं व्हतं. ये."

बनाबाई घोंगडीत शिरल्या. थोरल्या भावानं त्यांना डोक्यापासून गुंडाळलं आणि दाबून धरलं. दोघांपैकी कोण रडतंय ते कळेना.

"दाजी," मानसिंग गुरुजींकडं वळून म्हणाले, "काळजी नगा करू. औंदा कुत्रं घरी बांधून आलोय."

गुरुजी इतक्या मोठ्यानं हसले की पाण्यात उभे असलेले पाळक दचकले. मग ते पुढं झाले. "बना," ते म्हणाले, "त्या खोडव्याचं उत्तर मी द्यायचं राहिलंय."

"कवाचं."

"राखायचा खोडवा. मूळ उपटायचं नाही." त्यांनी मानसिंगांच्या हातांकडं आणि घोंगडीकडं बघितलं. "मला वाटायचं सगळंच पुरावं लागतं. तसं नसतं बहुतेक."

"बहुतेक?" बनाबाई म्हणाल्या. "मास्तर हाय का कोन?"

छकुली ओल्या फ्रॉकात थरथरत घोंगडीच्या कडेत घुसली होती. तिथून तिनं तोंड वर केलं.

"आजी, खाली कसं वाटलं?"

बनाबाईंनी विचार केला. मान तिरकी करून कानावर तळहात आपटला.

"कानात पाणी गेलं," त्या म्हणाल्या. "दिसलं काय न्हाय. पर वर येताना वाटलं, पाळकांचे दोनच हात हायत, मग एवढं कुणी उचललं?"

"मला पण," छकुली म्हणाली, आणि घोंगडी आणखी अंगाभोवती ओढून घेतली.